वजाबाकीच्या पोटातला गुणाकार

४७ गुणिले ५३ किती? पेन्सिल राहू द्या. ५० च्या वर्गातून, म्हणजे २५०० मधून, ३ चा वर्ग ९ काढा. उत्तर २४९१. झालंसुद्धा!

हे शाळेतलंच सूत्र: अ² − ब² = (अ + ब)(अ − ब). ‘अवयव पाडा’ म्हटलं की हात आपोआप दोन कंस लिहायचा. पण वजाबाकीतून गुणाकार उगवतोच कसा?

जुन्या कॅलेंडरच्या पानाचा १० सेंटिमीटर बाजूचा चौरस कापा. आता त्याच्या एका कोपऱ्यातून ३ सेंटिमीटरचा चौरस काढून टाका. हातात उरेल खाच पडलेला तुकडा, क्षेत्रफळ १०० वजा ९. खाचेच्या एका कडेच्या रेषेत कात्री सरळ पुढे न्या. ७ बाय ३ ची पट्टी सुटेल आणि खाली १० बाय ७ चा आयत राहील. पट्टी आडवीची उभी करा, आयताच्या ७ च्या बाजूला लावा. बसली की नाही तंतोतंत? १३ बाय ७! दहा अधिक तीन, दहा वजा तीन. दोन्ही कंस समोर टेबलावर पडलेत, आणि खाचेनंतर कपटाभरही कागद वाया गेलेला नाही.

खरी गंमत सूत्र उलटं फिरवण्यात आहे. २,०२,७६,५१,२८१ ही संख्या कोणत्या दोन संख्यांचा गुणाकार? २, ३, ५, ७ असं एकेका मूळ संख्येने भागत बसलात, तर चार हजारांहून जास्त भागाकार करावे लागतील. फ्रान्सच्या पिएर द फर्मा यांनी १६४३ मध्ये वेगळा विचार केला: हा दोन वर्गांचा फरक असेल तर? वर्गमूळ ४५,०२९ च्या किंचित वर. म्हणून ४५,०३० पासून सुरुवात करायची, वर्ग करून त्यातून दिलेली संख्या वजा करायची आणि उरलेला आकडा पूर्ण वर्ग आहे का ते बघायचं. नाही? पुढचा घ्या. बाराव्या खेपेला, ४५,०४१ पाशी, उरले १०,४०,४००. हा तर १०२० चा वर्ग! बेरीज-वजाबाकी केली की अवयव हजर: ४६,०६१ आणि ४४,०२१.

अवयव एकमेकांच्या जवळ होते म्हणून इतक्या लवकर सापडले. दूर असते तर दमछाक झाली असती. तरी वाट कधीच बंद नसते: विषम संख्येचे दोन्ही अवयव विषम, आणि दोन विषम संख्यांच्या बरोबर मध्ये एक पूर्ण संख्या असतेच.

१९७७ मध्ये १२९ अंकी संख्येचे अवयव पाडायचं आव्हान जाहीर झालं. गुप्त संदेशाचं कुलूप होतं ते. १९९४ मध्ये ते उघडलं, सुमारे ६०० स्वयंसेवकांनी आपापले संगणक कित्येक महिने राबवल्यावर. ते शोधत काय होते? दोन वर्ग! फक्त त्यांचा फरक ती संख्याच असायला हवा असं नव्हतं, तिच्या पटीत असला तरी पुरे होतं.