दा कोस्ता आडनावाची ग्रंथपाल

रॉबर्ट हो या संग्राहकाच्या ग्रंथांचा लिलाव १९११ साली न्यूयॉर्कमध्ये झाला. त्यात आर्थर राजाच्या कथांचं एक पुस्तक होतं, इंग्लंडचा पहिला मुद्रक विल्यम कॅक्स्टन याने १४८५ साली छापलेलं. त्या छपाईच्या दोनच प्रती आज उरल्या आहेत आणि त्यातली एकही पान न गळालेली ही एकटीच. ४२,८०० डॉलर मोजून ती ज्यांनी मिळवली त्या बेल दा कोस्ता ग्रीन, धनाढ्य बँकर जे. पी. मॉर्गन यांच्या ग्रंथपाल. कॅक्स्टनच्या छपाईवर बाईंचा डोळा आधीपासूनच होता. १९०८ साली लंडनला जाऊन, लॉर्ड अ‍ॅम्हर्स्ट यांची कॅक्स्टनची पुस्तकं लिलावात जाण्याआधीच त्यांनी परस्पर बोलणी करून उचलली होती. दलालांनी हात चोळले असणार!

त्याआधी त्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात साध्या नोकरीत होत्या. मॉर्गन यांच्या भाच्याने शिफारस केली आणि १९०५ मध्ये त्या कामावर रुजू झाल्या. पैसा मालकाचा होता, पण या पैशाने काय घ्यायचं आणि काय नाकारायचं, हे ठरवण्यात बाईंचा शब्द वजनदार ठरत गेला.

नाकारणं हे घेण्याहून अवघड. १९३०च्या सुमारास पंधराव्या शतकातल्या स्पॅनिश चित्रकाराच्या नावावर खपवलं जाणारं एक चित्र पुढे आलं. बाईंनी ते बनावट ठरवलं, त्याच हाताची इतर कामंही हुडकली आणि त्या अनामिकाचं नाव ठेवलं ‘स्पॅनिश फोर्जर’. हा गडी बेरकी होता. जुन्या पोथ्यांची खरी चर्मपत्रं मिळवून त्यांवर चित्रं काढायचा, त्यामुळे पान जुनंच निघायचं. फसायचा तो चेहऱ्यांत. त्याच्या बायका जरा जास्तच गोड दिसतात, आणि त्यांचे गळे मध्ययुगाला न शोभण्याइतके खोल. पुढे तो बहुधा पॅरिसचा असावा असं मत झालं, पण बाईंनी दिलेलं नाव आजही सूचींमध्ये टिकून आहे.

मॉर्गन १९१३ साली वारले. मृत्युपत्रात त्यांनी बाईंना ५०,००० डॉलर ठेवले होते. १९२४ मध्ये त्यांच्या मुलाने हा खासगी संग्रह सार्वजनिक संस्थेच्या हवाली केला आणि बाई तिच्या पहिल्या संचालक झाल्या, १९४८पर्यंत. माझ्या मते त्यांची खरी कमाई इथे आहे. श्रीमंताच्या तिजोरीतली पोथी अभ्यासकाच्या टेबलावर आली.

‘दा कोस्ता’ वाचून गोव्याच्या वाचकाला हे आपल्याकडचं आडनाव वाटेल. बाईही आपण पोर्तुगीज वंशाच्या असल्याचं सांगत. प्रत्यक्षात त्या बेल मॅरियन ग्रीनर, १८७९ साली वॉशिंग्टनमधल्या एका कृष्णवर्णीय कुटुंबात जन्मलेल्या. आईवडील वेगळे झाले, आईने आणि मुलांनी नावातला ‘र’ टाकला आणि ती मंडळी गोऱ्यांच्या जगात वावरू लागली. त्या काळच्या अमेरिकेत खरं नाव सांगून मॉर्गनच्या दारात उभं राहता आलं असतं, असं मला वाटत नाही. १९५०मध्ये निधन होण्यापूर्वी त्यांनी आपली खासगी कागदपत्रं जाळून टाकली. जन्मदाखला सापडून वडिलांचं नाव जगापुढे आलं ते १९९९ साली, मॉर्गन यांच्या चरित्रातून.

ते वडील म्हणजे रिचर्ड ग्रीनर, १८७० साली हार्वर्ड महाविद्यालयाचे पहिले कृष्णवर्णीय पदवीधर. साउथ कॅरोलायना विद्यापीठात ते प्राध्यापक होते आणि काही काळ ग्रंथपालही. तिथल्या सुमारे २७,००० ग्रंथांची घडी बसवण्याचं काम त्यांनी केलं. म्हणजे हा पेशा लेकीच्या घरातलाच होता, फक्त तो सांगायची सोय नव्हती. कोलंबिया शहरात त्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाशेजारी २०१८ साली ग्रीनर यांचा पुतळा उभा राहिला.