थोरल्याचे दुखणे

१९२९ साली गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना, या ब्रिटिश वसाहतीच्या वैद्यकीय खात्यात डॉ. सिसिली विल्यम्स रुजू झाल्या, तेव्हा अक्रा येथील इस्पितळात एक ते चार वर्षांची अशी मुले त्यांच्यापुढे येऊ लागली, की ज्यांचे हातपाय सुजलेले, केस तांबूस व विरळ झालेले, कातडी काळवंडून सोलवटलेली आणि स्वभाव इतका किरकिरा, की आईच्या मांडीवरही त्यांना चैन पडू नये. सुजेमुळे अशी मुले वरवर गुटगुटीत दिसत, आणि पाहणाऱ्याची फसगत होई ती इथेच.

ग्रंथांत सापडेना ते नाव बायकांच्या तोंडी होते. गा भाषा बोलणाऱ्या आया या दुखण्याला ‘क्वाशिओरकोर’ म्हणत. पाठचे भावंड झाले म्हणजे थोरल्याला जडते ते दुखणे, असा त्याचा आशय. दुसऱ्या एखाद्या अंमलदाराने ही अडाण्यांची समजूत म्हणून झटकली असती. विल्यम्सबाईंना तिच्यातच निदान दिसले. नव्या बाळामुळे थोरल्याचे अंगावरचे दूध तुटे आणि त्याच्या वाट्याला येई ती नुसती मक्याची पेज, जिने पोट भरे. पण मक्याच्या प्रथिनांत लायसिन व ट्रिप्टोफॅन ही आवश्यक अमिनो आम्ले अपुरी असल्यामुळे वाढत्या शरीराची गरज काही भागत नसे.

१९३३ साली त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले, तोच हा तर पेलाग्रा नावाचा जुनाच रोग, असा आक्षेप एका मान्यवर तज्ज्ञाने घेतला. तेव्हा १९३५ साली ‘लॅन्सेट’मध्ये बाईंनी दोहोंतील भेद पुन्हा मांडला आणि आयांचा तो शब्दच रोगाचे नाव म्हणून योजला. वेळीच आणलेली मुले डब्यातील दुधाने सुधारत, हा त्यांचा अनुभव. गंमत अशी, की मलायात बदली झाल्यावर, १९३९ साली सिंगापुरात, तान्ह्यांना आईच्या दुधाऐवजी गोड आटवलेले दूध पाजण्याच्या प्रघातावर ‘मिल्क अँड मर्डर’ हे जळजळीत भाषण करणाऱ्याही त्याच. दूध तेच, कोणाला, केव्हा आणि कशाच्या बदली, एवढाच काय तो प्रश्न.

पुढे केवळ प्रथिनांच्या अभावाने या विकाराचा पुरता उलगडा होत नाही, असे संशोधकांना आढळले, आणि आज गंभीर रुग्णाला आरंभी प्रथिने बेताचीच असलेले दुधाचे मिश्रण देऊन मग क्रमाने आहार वाढवतात. विल्यम्सबाई १९९२ साली, वयाच्या ९८व्या वर्षी निवर्तल्या. रोगाचे नाव मात्र अजूनही त्या आयांनी दिलेलेच आहे.