टी-सेल्सना ब्रेक कोण लावतं? सायटोकाइन्सची गोष्ट

ज्यांना ऐकायचंय त्यांच्यासाठी एपिसोड आहेच. ज्यांना लोकलच्या गर्दीत वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा मजकूर. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. दिवसभर कोड लिहितो. पण या विषयावर वाचायला लागलो आणि वाटलं, अरे, ही तर आपल्या रोजच्या कामासारखी मेसेजिंग सिस्टीम आहे!

सुरुवात एका प्रश्नाने करूया. 'इम्युनिटी वाढवा' अशी जाहिरात आपण रोज बघतो. पण इम्युनिटी म्हणजे काय टीव्हीचा आवाज आहे का, की जितका वाढवू तितका चांगला? उत्तर शेवटी. आधी पात्रांची ओळख.

टी-सेल्स म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. काही टी-सेल्स विषाणू शिरलेल्या पेशींना मारतात, काही बाकीच्या पेशींना कामाला लावतात. पण टी-सेल उठसूट हल्ला करत नाही. तिला तीन गोष्टी लागतात. एक, शत्रूचा तुकडा समोर दिसला पाहिजे. दोन, तो दाखवणाऱ्या पेशीने 'हो, खरंच धोका आहे' अशी खूण दिली पाहिजे. आणि तीन, आता नेमकं काय करायचं याचा निरोप आला पाहिजे. हा निरोप म्हणजे सायटोकाइन.

सायटोकाइन हे छोटं प्रोटीन असतं. एक पेशी ते सोडते आणि ज्या पेशीवर त्याचा रिसेप्टर असतो, तिलाच ते कळतं. म्हणजे ज्याने चॅनल सबस्क्राइब केलंय, त्यालाच नोटिफिकेशन! मग निरोपाप्रमाणे टी-सेल वेगळं रूप घेते. इंटरल्युकिन-१२ मिळालं तर ती पेशींच्या आत लपलेल्या जंतूंशी लढायला तयार होते. इंटरल्युकिन-४ मिळालं तर जंतांशी लढणारं रूप घेते; ॲलर्जीमागेही हीच बाजू असते. टीजीएफ-बीटा नावाचं सायटोकाइन एकटं असेल तर टी-सेल शांतता राखणारी होऊ शकते. पण त्याच्या जोडीला इंटरल्युकिन-६ आलं, की तीच पेशी सूज वाढवणारी बनू शकते. निरोप कुणासोबत आला, यावरही अर्थ बदलतो बघा.

आता सगळ्यात मजेशीर भाग. इंटरल्युकिन-२ हे टी-सेल्सची संख्या भराभर वाढवणारं सायटोकाइन म्हणून ओळखलं जायचं. मग १९९३ साली शास्त्रज्ञांनी त्याचं जीन बंद केलेल्या उंदरांचा अभ्यास छापला. वाटेल की त्यांची प्रतिकारशक्ती लुळी पडली असेल. झालं उलटंच! त्यांच्या आतड्यांना भयंकर सूज आली. शरीर स्वतःवरच उठलं.

असं का? कारण टी-सेल्समध्येच एक जमात पोलिसांची आहे: रेग्युलेटरी टी-सेल्स. १९९५ मध्ये जपानच्या शिमोन साकागुची यांनी त्या दाखवून दिल्या. या पोलिसांना जगायला इंटरल्युकिन-२ लागतं, पण त्या स्वतः ते तयार करत नाहीत. त्यांच्यावर त्याचे रिसेप्टर मात्र भरपूर. म्हणजे हल्लेखोर टी-सेल्स जितकं इंटरल्युकिन-२ सोडणार, तितके पोलीसही पोसले जाणार, आणि ते आजूबाजूचं इंटरल्युकिन-२ शोषूनही घेणार. ॲक्सिलरेटर दाबला की त्यातूनच ब्रेकला ताकद मिळते. आमच्या भाषेत याला फीडबॅक लूप म्हणतात. याच पोलीस पेशींच्या शोधासाठी २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल साकागुची, मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांना मिळालं.

पण ब्रेक कमी पडला तर? २०१२ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीला ब्लड कॅन्सरसाठी कार-टी उपचार दिले. म्हणजे तिच्याच टी-सेल्स बाहेर काढून, त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवून परत सोडल्या. पेशी कामाला लागल्या, पण निरोपांचा पूर आला. यालाच सायटोकाइन स्टॉर्म म्हणतात. प्रचंड ताप, व्हेंटिलेटर. तपासणीत इंटरल्युकिन-६ अफाट वाढलेलं दिसलं. डॉक्टर कार्ल जून यांच्या मुलीला लहानपणीचा संधिवात होता, त्यामुळे त्यांना टोसिलिझुमॅब हे औषध माहीत होतं. ते इंटरल्युकिन-६ चा रिसेप्टरच अडवतं. मेसेज येत राहतो, पण उघडला जात नाही. एमिली सावरली, आणि तिचा कॅन्सरही गेला. आज आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून तयार झालेल्या नेक्सकार-१९ या कार-टी उपचाराला २०२३ मध्ये परवानगी मिळालीय. तिथेही पेशंटवर या वादळासाठी लक्ष ठेवावंच लागतं.

हे सगळं आपल्याला कशाला? कोविड आठवा. २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलने दाखवलं की डेक्सामेथासोन या स्वस्त स्टिरॉइडमुळे व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. पण ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांना काही फायदा दिसला नाही. कारण स्टिरॉइड सरसकट निरोप दाबतं. सूज जीव घेत असेल तेव्हा ते वाचवतं. विषाणूशी लढाई सुरू असताना दिलं तर आपल्याच सैनिकांचे फोन बंद! २०२१ मध्ये महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे इतके पेशंट आले, त्यात अनियंत्रित मधुमेह आणि स्टिरॉइडचा वापर ही मोठी कारणं होती. म्हणून व्हॉट्सॲपवर आलेलं प्रिस्क्रिप्शन बघून मेडिकलमधून स्टिरॉइड आणू नका. आणि डॉक्टरांनी दिलं असेल तर मनाने अचानक बंदही करू नका.

तर सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर: नाही. चांगली इम्युनिटी म्हणजे मोठा आवाज नव्हे. वेळेवर सुरू होणारी आणि वेळेवर थांबणारी यंत्रणा. अति तिथे माती, हे आपल्या पेशींनाही लागू आहे.

घरात कुणी 'इम्युनिटी बूस्टर'ची लिंक पाठवली, तर त्यांना हा एपिसोड पाठवा. प्रश्न असतील तर कळवा. भेटूया पुढच्या भागात!