पत्ता लपवू नका, रॅपमध्ये घ्या!

‘राहायला कुठे?’ कॉलेजच्या पहिल्याच दिवशी हा प्रश्न येतो. निजामपुऱ्यात राहत असाल तर पटकन काय सांगता? ‘कल्याणजवळ!’ कारण भिवंडी म्हटलं की समोरचा धर्म, जात, यंत्रमागांचा खडखडाट असं सगळं मनातच जुळवून मोकळा होतो. ते तुम्हाला त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. रॅप नेमका इथूनच सुरू होतो.

१९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये डीजे कूल हर्कच्या पार्टीतून हिप-हॉप जन्मलं. १९८२ मध्ये ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्हच्या ‘द मेसेज’ने गरीब वस्तीचं जगणं थेट मांडलं. पुढे पब्लिक एनिमीपासून केंड्रिक लमारपर्यंत अनेकांनी दाखवून दिलं, की प्रश्न एखाद्या वाईट माणसाचा नाही. कातडीचा रंग बघून वागणारी अख्खी व्यवस्थाच आहे.

मग आपण काय, त्यांचा ॲक्सेंट आणि त्यांच्या शिव्या उचलायच्या? अजिबात नाही. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नावाची प्रेरणा अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरची. पण त्याच वर्षी आलेला नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ बोलला तो कामाठीपुऱ्याच्या भाषेत. हिंमत उसनी घेता येते, जगणं नाही.

आजचे आपले रॅपर हेच करतायत. अमरावतीचा विपिन तातड जातीवर थेट बोलतो. ‘स्वदेशी’ ग्रुपने आरेतले आदिवासी कलाकार प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन ‘द वारली रिव्हॉल्ट’ केलं. जमिनीवरून हुसकावलं जाण्याची ही गोष्ट आहे आणि वारली पाडे तर आपल्या ठाणे जिल्ह्यातही आहेत.

आता तुमची पाळी. रॅपची एक ओळ म्हणजे एक बार, त्यात चार ठेके. असे आठच बार लिहून बघा. भाड्याने घर शोधताना आधी विचारलेलं आडनाव, इंटरव्ह्यूत पत्ता सांगितल्यावर पडलेली शांतता, काहीही चालेल. फक्त स्वतःचा अपमान मांडताना मुलींना किंवा बाहेरून आलेल्या लूम कामगाराला खाली दाखवू नका. नाहीतर तीच व्यवस्था तुमच्या तोंडून बोलेल.

बीट शोधायला लांब जायला नको, शेजारचा माग दिवसभर वाजतोच आहे. आणि पहिला शब्द? बिनधास्त लिहा: निजामपुरा.