ओटीचं रजिस्टर

पहाटे ५.१५
नवऱ्याची फर्स्ट शिफ्ट, म्हणून हूटगळ्ळीतल्या आमच्या घरात दिवा लवकर लागतो. तो हेब्बाळच्या कारखान्याकडे निघतो आणि मी भाकरीचा तवा चढवते. मी मूळची मिरजेची. नर्सिंग तिथेच शिकले. लग्नानंतर म्हैसूरला आले त्याला अठरा वर्षं झाली, पण ज्वारीची भाकरी सुटली नाही. सव्वासहाची सिटी बस चुकली तर पुढची हिनकलच्या फ्लायओव्हरपाशी अडकते, त्यामुळे चहा उभ्यानेच.

सकाळी ७.२०
आजची पहिली केस बहात्तर वर्षांचे आजोबा. कारखान्यातून निवृत्त. काल संध्याकाळी कन्नडमध्ये सगळं मोकळेपणी सांगितलं होतं: धार बारीक, रात्री पाचदा उठणं, दोन मिनिटं उभं राहिल्यावर चार थेंब. आज मी नातवाशी फोनवर चाललेलं त्यांचं बोलणं ऐकून मराठीत विचारलं, "आजोबा, रात्री झोप लागली का?" तर एकदम पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं.

"सिस्टर, तुम्ही आपल्यातल्या होय? अगोदर सांगायचं की हो!"

घरची भाषा म्हणजे घरचीच लाज. त्यानंतर त्यांनी माझ्याशी फक्त हवापाण्याच्या गप्पा मारल्या.

प्रोस्टेट वाढलेली म्हणून सहा वर्षं ते गोळीवर होते. ही गोळी मूत्राशयाच्या तोंडाचे आणि प्रोस्टेटचे स्नायू सैल करते, धार सुधारते. गाठ मात्र लहान करत नाही. ती करणारी गोळी वेगळी, आणि तिला गुण यायला महिने लागतात. मागच्या महिन्यात लग्नघरी सर्दी झाली म्हणून त्यांनी मेडिकलमधून नाक मोकळं करणारी गोळी घेतली आणि रात्रीत लघवी तुंबली. अशा गोळ्यांनी मूत्राशयाचं तोंड आवळतं, हे सर्दी झालेल्या म्हाताऱ्याला काउंटरवर कोण सांगणार? नळी घातली तेव्हा लिटरभराच्या वर निघालं. सोनोग्राफीत ग्रंथी ११० ग्रॅम. तरुणपणी ती २० ग्रॅमच्या आसपास असते.

सकाळी ८.४५
आज गुरुवार, म्हणजे लेसरचा दिवस. आमच्याकडे लेसर स्वतःचा नाही. बंगळूरहून गाडीत घालून येतो, सोबत एक मुलगा येतो, तो मशीन लावतो आणि फायबर माझ्या हातात देताना दरवेळी "अक्का, वाकवू नका" म्हणतो. मी सलाईनच्या तीन लिटरच्या पिशव्या मोजून कोमट करायला ठेवते. थंड पाणी तासभर पोटात फिरलं तर म्हातारं माणूस टेबलावर कुडकुडायला लागतं.

सकाळी ९.३०
कमरेत इंजेक्शन, पाय वर, पडदा. आजोबा जागे आहेत आणि भूलतज्ज्ञांशी दसऱ्याच्या हत्तींबद्दल बोलताहेत.

मिरजेत विद्यार्थिनी असताना एवढी मोठी प्रोस्टेट मी पोट उघडूनच काढलेली पाहिली. सर्जन मूत्राशयातून बोट घालून गाठ सोडवत. ही पद्धत गाजवली ती सर पीटर फ्रेयर यांनी, १९०० नंतर लंडनमध्ये. त्याआधी ते वीस वर्षं हिंदुस्थानात सरकारी डॉक्टर होते आणि मूतखडे फोडण्यात नाव कमावून होते. पुढे दुर्बिणीचं ऑपरेशन आलं, टीयूआरपी: लघवीच्या वाटेने तार घालून प्रोस्टेट आतून खरवडायची. सुरुवातीच्या काळात माझं लक्ष पडद्यावर कमी, घड्याळावर जास्त. तेव्हा ग्लायसिनचं पाणी वापरत. तास उलटला की ते रक्तात मुरायचं, सोडियम उतरायचं, आणि छान बोलणारा माणूस जांभया देत असंबद्ध बरळायला लागायचा. बायपोलर मशीन आली, ग्लायसिन गेलं, साधं सलाईन आलं. माझ्या नोकरीतला सगळ्यात मोठा बदल विचाराल तर मी लेसरच्या आधी हा सांगेन.

लेसरने खरवडत नाहीत, सोलतात. न्यूझीलंडच्या पीटर गिलिंग यांनी १९९० च्या दशकात ही रीत बसवली. फणसाचा गरा पावेपासून सुटावा तशी आतली गाठ कवचापासून सुटते, मूत्राशयात ढकलली जाते आणि तिथे फिरत्या पात्याने बारीक करून ओढून घेतात. या पात्याच्या वेळी मी श्वास धरते. मूत्राशय पाण्याने टम्म हवं आणि समोरचं स्वच्छ दिसायला हवं, नाहीतर पातं भिंतीला लागतं.

"सिस्टर, पाणी?"

"फुल आहे सर, दोन्हीकडून."

एक तास पन्नास मिनिटं. जाळीत जमलेला तुकड्यांचा लगदा ७८ ग्रॅम. फॉर्मलिनमध्ये घालून लॅबला पाठवला, कॅन्सर नाही ना बघायला.

दुपारी १२.४०
डबा, आणि डब्याशेजारी रजिस्टर. जुन्या वह्या मी फेकू देत नाही. आधीच्या पानांवर "ओपन", मग पानामागून पान "टीयूआरपी", आता मध्येमध्ये "लेसर". सर म्हणतात, जगाचा आलेख तुमच्या कपाटात आहे. अमेरिकेत एके काळी सरकारी विम्यावरच्या म्हाताऱ्यांत मोतीबिंदूच्या खालोखाल टीयूआरपीच होतं: १९८७ साली अडीच लाखांवर. १९९२ पासून गोळ्या आल्या आणि २००० पर्यंत टीयूआरपीचा आकडा लाखाच्या आत आला. मग लेसर आले आणि ऑपरेशनं पुन्हा वाढली. म्हणजे रोग तोच. आकडा हलतो तो औषधाच्या दुकानाबरोबर आणि मशीनबरोबर. त्यांच्याच आयोवा राज्यात संशोधक जॉन वेनबर्ग यांना दिसलं की पंच्याऐंशीपर्यंत प्रोस्टेटचं ऑपरेशन होण्याची शक्यता एका भागात शंभरात १५, तर दुसऱ्या भागात ६० च्या वर. माणसं सारखीच, डॉक्टरांचं मत वेगळं.

मला हसू येत नाही. आमच्याकडे वारावर ठरतं. मंगळवारी आलेल्या ४० ग्रॅमवाल्याला टीयूआरपी, आणि त्यात काही वाईट नाही, तेवढ्याला ती उत्तमच. पण ११० ग्रॅमवाला गुरुवारपर्यंत नळी घेऊन थांबतो.

दुपारी २.३०
ओपीडीत फ्लो टेस्ट. माणसाने गाळणीसारख्या भांड्यात लघवी करायची, मशीन वेग काढतं. सेकंदाला १५ मिलीच्या वर ठीक. १० च्या खाली म्हणजे अडथळा असू शकतो, किंवा मूत्राशयच थकलेलं. हे दुसरं हल्ली जास्त दिसतं. गोळीवर वर्षं काढून माणूस येतो तेव्हा वाट मोकळी करता येते, पण ढकलणाराच दमलेला असतो. आज एकाला बाहेर बायको, सून, व्याही सगळे उभे असल्यामुळे एक थेंब उतरला नाही. सगळ्यांना कँटीनला पाठवलं. ११ मिली.

संध्याकाळी ४.१५
आजोबांची पिशवी. बारा वाजता आमसुलाच्या साराचा रंग होता, आता गुलाबी, नळीत गुठळी नाही. सगळं ठीक राहिलं तर परवा नळी निघेल. पांघरुणातून हळूच विचारलं, मराठीतच:

"सिस्टर, ते... वीर्य बाहेर पडणार नाही म्हणाले डॉक्टर. खरंय का?"

"बहुतेक नाही पडणार. ते उलटं मूत्राशयात जातं. त्रास काही नाही."

"बहात्तराव्या वर्षी विचारलं म्हणून हसू नका."

मी हसले नाही.

संध्याकाळी ५.४०
परतीची बस. कारखान्यांच्या शिफ्ट सुटलेल्या, रस्ता भरलेला. सिग्नलला कंपाउंडच्या भिंतीकडे तोंड करून चौघे उभे. ही माझी वाईट सवय, मी मनात सेकंद मोजते. दोन पोरं वीसच्या आत मोकळी झाली, तिसरा पस्तीसला. चौथा वॉचमनच्या खाकी कपड्यातला, पांढऱ्या केसांचा, एक हात भिंतीला टेकलेला. बस सुटली तेव्हा नव्वद झाले होते आणि तो तिथेच होता.