मरवा : ओळख, लागवड व निगा
(धायरी येथील चिकित्सालयाच्या परसबागेतील अनुभव)

प्रतिश्याय, शिरोगौरव व अरुची या तक्रारींत आम्ही अनेक वर्षे मरव्याचे शुष्क पंचांग वापरीत आलो. एका हिवाळ्यात नेहमीचा फांट देऊनही रुग्णांना अपेक्षित उपशय मिळेना. दोष रुग्णांच्या पथ्यात शोधून झाला, मात्रेत शोधून झाला. द्रव्यात शोधण्याचे मात्र सुचले नाही. अखेर एका फुलवाल्याकडून मरव्याची ताजी जुडी आणून ती डब्यातील मालाशेजारी ठेवली, तेव्हा उलगडा झाला. डब्यावर नाव मरव्याचे होते, आत बहुतांश दवणा होता. माल पुरविणाऱ्याला दोष देणे सोपे होते. परंतु द्रव्यगुणाच्या प्रात्यक्षिकानंतर ही वनस्पती आम्ही स्वतः कधी नीट न्याहाळलीच नव्हती, हे अधिक बोचणारे सत्य होते. त्याच वर्षी धायरीतील चिकित्सालयामागे मरव्याच्या आठ कुंड्या मांडल्या.

ग्रंथोक्त विचार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील दुसऱ्या अध्यायात शिरोविरेचन द्रव्यांमध्ये, तसेच सुश्रुताच्या सुरसादि गणात फणिज्झकाचा उल्लेख आहे. अनेक टीकाकार त्यास मरुबक मानतात. भावप्रकाशात मरुबक व दमनक हे दोघेही पुष्पवर्गात आले आहेत; तथापि त्यांचे गुण भिन्न आहेत. मरुबक कटू-तिक्त, लघु, रूक्ष, तीक्ष्ण, उष्ण, अग्निदीपक, कफवातघ्न व पित्तकर आहे. दमनक तिक्त-कषाय रसाचा असून त्रिदोष, ग्रहणी, क्लेद व कंडू यांवर सांगितला आहे. म्हणजे एकाच्या जागी दुसरा देणे ही केवळ नावाची चूक नसून संप्राप्तीच्या विचारालाच छेद देणारी गोष्ट आहे.

ओळख

मरवा (ओरिगॅनम मॅजोराना) हा तुळशीच्या कुळातील. खोड चौकोनी, पाने समोरासमोर, लहान, लंबगोल, अखंड कडांची व दोन्ही बाजूंनी मऊ करड्या लवीची. फुलोरा गाठीगाठींचा. दवणा (आर्टेमिसिया पॅलेन्स) शेवंतीच्या कुळातील. त्याची पाने एकाआड एक व बारीक चिरलेली असतात. ताजेपणी दोहोंत गफलत होणे कठीण. वाळवून चुरा केल्यावर मात्र दोन्ही करडेच दिसतात. म्हणून चुरा न घेता काड्यांसह माल घ्यावा आणि काडी हाती धरून पाहावी.

अलीकडे परदेशस्थ नातेवाइकांमुळे काही रुग्ण कॅलमिंट नावाच्या वनस्पतीविषयीही विचारतात. तीही याच कुळातील व पुदिन्यासारख्या वासाची आहे. परंतु तिच्या तेलात पुलेगोन हे द्रव्य असते व ते अधिक मात्रेत यकृतास घातक आहे. गर्भिणीस ती देऊ नये आणि मरव्याचा प्रतिनिधी म्हणून तर मुळीच वापरू नये.

लागवड

बी अतिशय बारीक असते व रोपे नाजूक निघतात. त्यामुळे फाटे कलम सोयीचे. कार्तिक ते पौष या काळात निरोगी झाडाची चार बोटे लांबीची कोवळी फांदी घ्यावी, खालची पाने काढावीत व ती ओलसर वाळूत सावलीत लावावी. साधारण तीन आठवड्यांत मुळे धरतात. नंतर दहा इंची कुंडीत दोन भाग लाल माती, एक भाग जाड वाळू व एक भाग जुने शेणखत घालून रोप लावावे. आमच्याकडील काळी माती पाणी धरून ठेवते. केवळ तिच्यात लावलेली पहिली चार रोपे मुळे कुजून गेली.

निगा

रोज पाच-सहा तास ऊन हवे. चैत्र-वैशाखात मात्र दुपारी सावली करावी. मातीचा वरचा थर सुकल्यावरच पाणी द्यावे. आमच्या बोअरच्या जड पाण्याने कुंडीच्या काठावर पांढरे क्षार साचू लागले. ते दिसताच साठविलेले पावसाचे पाणी भरपूर सोडून माती धुऊन काढतो. पावसाळा हा या झाडाचा खरा शत्रू. आषाढ-श्रावणात कुंड्या पत्र्याच्या आडोशाखाली विटांवर ठेवतो. मावा वा पिठ्या ढेकूण दिसल्यास पाण्याच्या धारेने धुवावे. औषधासाठीच्या झाडावर रासायनिक फवारणी नको. दोन-तीन वर्षांनी खोड काष्ठमय होते, तेव्हा नवीन कलमे करावीत.

काढणी व साठवण

फुलोऱ्याच्या गाठी दिसू लागताच, दव ओसरल्यावर सकाळी वरचा एक-तृतीयांश भाग कापावा. सावलीत पातळ पसरून वाळवावे. उन्हात सुगंधी तेल उडून जाते. हवाबंद डब्यावर नाव, काढणीची तारीख व स्थान लिहावे. याच कारणाने क्वाथाऐवजी फांट करावा: द्रव्याच्या चौपट उकळते पाणी ओतून झाकून ठेवावे व गाळून द्यावे. पित्तप्रकृतीच्या रुग्णांत जपून योजावा.

समारोप

आठ कुंड्यांतून औषधालयाची गरज भागत नाही, हे आम्ही जाणतो. आजही बराचसा माल बाजारातूनच येतो. पण आता त्याच्या प्रत्येक पिशवीशेजारी परसातील एक फांदी ठेवून पाहिली जाते, आणि दोन वेळा माल परतही गेला आहे. स्वतःच्या रुग्णांपुरते औषध बनवून बाजारात न विकणाऱ्या वैद्यास अनुसूची टी मधील निर्माणविषयक नियमांतून सूट आहे. द्रव्याच्या ओळखीतून कुणालाही सूट नाही. औषधालयांच्या चालकांनी तर अशी नमुन्याची झाडे अवश्य बाळगावीत. वैद्यबंधू-भगिनींना विनंती एवढीच की, आपण जे द्रव्य वारंवार लिहितो त्यांपैकी निदान एक तरी या हिवाळ्यात कुंडीत लावावे. रोज पाणी घालताना झालेली ओळख सहसा चुकत नाही.