पिल्लू उचलण्याआधी
बहरीनच्या सीफ भागात झुडपाखाली पांढऱ्या गालांच्या बुलबुलाचं पिल्लू दिसलं की घरी आणायचा मोह होतो. आधी नीट बघा. अंगभर पिसं, आखूड शेपटी आणि टुणटुण उड्या असतील, तर ते नुकतंच घरट्याबाहेर पडलंय. आईबाप जवळपासच असतात आणि भरवतातही. त्याला घरी नेणं म्हणजे चक्क अपहरण! ‘पण मांजर खाईल ना?’ खाईल की. म्हणून शेजारच्या दाट झुडपात उंचावर ठेवा. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, ही नुसती समजूत आहे.

टॉवरच्या काचेवर आपटलेला पक्षी मात्र उचलायलाच हवा. भोकं पाडलेला खोका, तळाला सुती फडकं, अंधार, शांतता. एसीचा थेट झोत नको. चोचीत पाणी ओतू नका. चाळीस अंशांत तो तहानलेला असेलही, पण पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं आणि मायेने ओतलेला घोट फुप्फुसात जाऊ शकतो. दूध-पाव तर नकोच. तासा-दोन तासांत तरतरीत झाला तर काचांपासून लांब सोडा. पंख लोंबत असेल किंवा मांजराने धरला असेल, तर जखम दिसो न दिसो, लगेच पशुवैद्य गाठा. मांजराच्या तोंडातले जंतू एक-दोन दिवसांत पक्ष्याचा जीव घेऊ शकतात.